तारेतला उंबरठा

१६ ऑगस्ट १८५८. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांना शुभसंदेश धाडला, तो अटलांटिकच्या तळाशी नुकत्याच टाकलेल्या तारेतून. मोजून ९८ शब्द. ते पलीकडे पोचायला १६ तास लागले, म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. तरीही न्यूयॉर्क आनंदाने इतकं बेभान झालं, की आतषबाजीच्या ठिणग्यांनी सिटी हॉलचा घुमटच पेटला. महिनाभरात तार मुकी झाली.

ती मुकी का झाली याचं उत्तर वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थांकडे जातं. ते शिक्षणाने शल्यविशारद, विजेचं वेड आपलं आपण लागलेलं. संदेश क्षीण येतोय ना, मग जोर वाढवा, असा त्यांचा खाक्या. त्यांनी भल्यामोठ्या कॉइल लावून तारेवर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब टाकला आणि आधीच अधू असलेलं वेष्टन फाडून टाकलं. बहिऱ्याशी बोलताना माणूस ओरडतो, तसलाच हा प्रकार. पण समोरचा बहिरा नव्हताच. तार मधल्यामध्ये शब्द चावत होती.

ही गोष्ट ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, तीन-चार वर्षं आधीच ओळखली होती. समुद्रातली तार म्हणजे मधे तांबं, भोवती गटापर्चाचा थर आणि बाहेर खारं पाणी. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये निरोधक: हा तर कॅपॅसिटर झाला, तोही तीन हजार किलोमीटरहून लांब. कळ दाबली की वीज आधी हा रांजण भरत बसते आणि भरल्यावर पलीकडच्या तोटीतून थेंब थेंब गळू लागते. कळ सोडली तरी रांजण लगेच रिकामा होत नाही. त्यामुळे एक टिंब पुढच्या टिंबावर सांडतं, रेघ आणि टिंब यांचा चिखल होतो. थॉमसनचा हिशेब असा, की तारेची लांबी दुप्पट केली तर हा रेंगाळा चौपट होतो. व्हाइटहाउसना हे मान्य नव्हतं. समुद्राने थॉमसनची बाजू घेतली.

पुढे १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टिकाऊ तार टाकली. तेच अजस्र जहाज १८७० च्या सुरुवातीला मुंबई बंदरात उभं राहिलं आणि मुंबई ते एडन अशी तार अंथरत गेलं. मुंबईचा कापूस-बाजार लंडनच्या भावावर तासांच्या हिशेबात हलू लागला तो त्यानंतर. पण त्या तारेतही संदेश जपून, सावकाश पाठवावे लागत. थॉमसनचा आरशाचा गॅल्व्हनोमीटर पलीकडचा बारीकसा थरकाप टिपायचा. घाई केली की पुन्हा चिखल.

आता हाच प्रकार वेगळ्या डोळ्याने बघू. फ्रेंच गणिती फूरिएने १८२२ मध्ये, उष्णता कशी पसरते या प्रश्नाच्या मागे लागून, दाखवून दिलं होतं की कुठलाही आकार, कितीही टोकदार असो, साध्या लाटांच्या बेरजेतून बांधता येतो. त्यात मंद लाटाही असतात आणि जलदही. टिंबाच्या कडा धारदार ठेवण्याचं काम जलद लाटांचं. तार मंद लाटांना सोडते आणि जलद लाटांना वाटेत मारते. कडा झिजतात, टिंबाचा उंचवटा होतो. म्हणजे अटलांटिकच्या तळाशी माणसाने नकळत एक प्रचंड फिल्टर अंथरला होता. गाळणी चहाची असते तेव्हा चोथा वर राहतो आणि चहा खाली उतरतो. इथे चोथा कुठला आणि चहा कुठला हे ठरवायचा अधिकार माणसाकडे नव्हता, एवढाच फरक.

हे टेबलावर करून बघायला समुद्र लागत नाही. १,६०० ओहमचा एक रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर एकापुढे एक जोडा, सिग्नल दोघांच्या टोकाला द्या आणि कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. १,००० हर्ट्झच्या पुष्कळ खाली जेवढं घातलं तेवढं मिळतं. १,००० च्या आसपास ते ७१ टक्क्यांवर येतं. शक्तीच्या भाषेत बरोब्बर निम्मं. त्याच्या बरंच वर गेलं की दर सप्तकाला, म्हणजे सा पासून तार सा पर्यंत चढलं की, व्होल्टेज निम्मं होत जातं. भिंत कुठेच नाही, नुसता उतार आहे. नको असलेलं जातं, पण हवं असलेलंही थोडं घेऊन जातं. ही उताराची अडचण लक्षात ठेवावी, कारण पुढची सत्तर-ऐंशी वर्षं माणसं हा उतार उभा कसा करायचा याच्याच मागे होती.

तारायंत्राचं एक बरं होतं: तार हळू असली तर माणूस हळू कळ दाबेल. १८७६ मध्ये टेलिफोन आला आणि ही सवलत संपली. बोलणं हळू पाठवता येत नाही. त्यातले स्वर मंद लाटांवर चालतात, पण स, श, फ, ठ यांचा सगळा जीव जलद लाटांत. तार लांबली की आधी व्यंजनं मरतात. ‘साठे’ आणि ‘फाटे’ एक होतात आणि माणूस ‘आ आ’ करताना ऐकू येतो. आपल्याकडे आजही फोनवर नाव सांगताना ‘सदाशिवचा स’ असं सांगावं लागतं, त्याचं मूळ याच झिजेत आहे. ट्रंक कॉलवर घर दणाणून सोडणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना ही झीज घशाने ठाऊक असते.

इंग्लंडच्या टपाल खात्याचे विद्युत-प्रमुख विल्यम प्रीस यांनी थॉमसनचा तारायंत्राचा नियम उचलला आणि टेलिफोनवर जसाच्या तसा बसवला. रोध गुणिले धारिता. हा गुणाकार जितका मोठा, तितकी बोलण्याची मर्यादा जवळ. तारेत तिसरी एक गोष्ट असते, इंडक्टन्स: प्रवाह बदलायला तारेचा जो आळस असतो तो. प्रीस यांच्या मते ती अडगळ होती आणि जितकी कमी तितकी बरी.

त्यांच्याशी उभा दावा मांडला ऑलिव्हर हेव्हिसाइडने. लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये १८५० साली गरिबीत जन्म, लहानपणी स्कार्लेट फीव्हरने कानाला आलेली कमजोरी, कॉलेजचं तोंड न बघितलेला माणूस. काही वर्षं तारायंत्रावर नोकरी केली आणि चोविसाव्या वर्षी ती सोडली ती कायमची. आईवडिलांच्या घरात, खोलीचं दार लावून, मॅक्सवेलचा ग्रंथ पोटात घालत बसला. ‘इम्पीडन्स’, ‘इंडक्टन्स’ हे शब्द आज डिप्लोमाची पोरं घोकतात, ते त्याने घडवलेले. १८८७ मध्ये त्याने सिद्ध केलं की प्रीस ज्याला अडगळ म्हणतात तीच तारेची तारणहार आहे. रोध आणि इंडक्टन्स यांचं जे प्रमाण, तेच गळती आणि धारिता यांचं असेल, तर सगळ्या लाटा सारख्याच वेगाने जातील आणि सारख्याच झिजतील. आवाज लहान होईल, पण वाकडा होणार नाही. खऱ्या तारांमध्ये इंडक्टन्स फार कमी असतो, म्हणून तो मुद्दाम वाढवावा. कसा, तर ठराविक अंतरावर कॉइल घालून, हेही त्याने पुढे १८९३ च्या ग्रंथात लिहून ठेवलं.

टपाल खात्यात नोकरीला असलेल्या त्याच्या भावाबरोबर लिहिलेला लेख प्रीस यांनी अडवला. ‘इलेक्ट्रिशियन’ साप्ताहिकाचे जे संपादक त्याची लेखमाला छापत होते त्यांची खुर्ची गेली आणि लेखमालाही बंद पडली. हेव्हिसाइडची भाषाही काही मऊ नव्हती. तो प्रीस यांची जाहीर टिंगल करायचा आणि गणित असं लिहायचा की गणितीही वैतागत. पण म्हणून त्याला झुकतं माप द्यायचं नाही म्हटलं तरी माझा हात तिकडेच जातो. त्याने पेटंट घेतलं नाही. उत्तरायुष्य डेव्हनमधल्या गावांत, सरकारी १२० पौंडांच्या वार्षिक तनख्यावर, विक्षिप्तपणाच्या कहाण्या मागे सोडत गेलं.

पैसे दुसऱ्यांनी केले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला मिहायलो पुपिन हा सर्बियन मुलखातून पोरवयात आलेला स्थलांतरित. बॉस्टनमध्ये बेल कंपनीच्या पदरी जॉर्ज कॅम्बेल. दोघंही १८९९ मध्ये, एकमेकांना न सांगता, एकाच उत्तराशी येऊन ठेपले: तारेत कॉइल घालायच्या, पण किती अंतरावर याचा अचूक हिशेब करून. ते अंतर चुकलं तर फायद्याऐवजी नुकसान. पुपिनने पेटंटचा अर्ज आधी केला. बेल कंपनीने झगडा लांबवण्यापेक्षा पुपिनचे हक्क विकत घेतले, एकूण चार लाख डॉलरहून अधिक मोजून. पुपिनने आत्मचरित्र लिहिलं, त्याला १९२४ चं पुलित्झर मिळालं. कॅम्बेल पगारावर राहिला.

आणि ते बरंच झालं म्हणायचं, कारण कॉइलची गोष्ट पुपिनपाशी संपली, कॅम्बेलपाशी तिथून सुरू झाली.

हा कॅम्बेल मिनेसोटातल्या हेस्टिंग्जचा, जन्म १८७०. एमआयटी आणि हार्वर्ड झाल्यावर तीन वर्षं युरोपात गेला आणि तिथे शिकला कुणाकडे, तर ग्योटिंगेनला क्लाइन, व्हिएन्नाला बोल्ट्झमान, पॅरिसला प्वांकारे. एवढी शिदोरी घेऊन माणूस टेलिफोन कंपनीत येतो आणि खांबावरच्या तारांचा विचार करत बसतो, हे त्या काळात विचित्रच. कॉइल घातलेल्या तारेचं गणित त्याने शेवटपर्यंत सोडवलं, आणि त्याच्या शेवटी एक पेच उभा राहिला. १९०३ च्या मार्चमध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्याने तो मांडला.

पेच समजायला कोळ्याच्या जाळ्याची कडेची दोरी डोळ्यासमोर आणावी, जिच्यावर सारख्या अंतराने शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. अशी दोरी दोन माणसांनी ताणून धरली आणि एकाने आपलं टोक हळूहळू वरखाली केलं, तर लाट गोळ्यांना न जुमानता पार पलीकडे जाते. एका लाटेत पुष्कळ गोळ्या मावतात, त्यामुळे दोरीला गोळ्या सुट्या आहेत हे कळतच नाही. दोरी नुसती जड झाल्यासारखी वागते. आता हात जलद करा. लाट आखूड होते. होता होता अशी वेळ येते की शेजारची गोळी नेमकी उलट्या दिशेला हलते: एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. याहून आखूड लाट या दोरीवर मावत नाही. हात आणखी जलद केला तर पहिली गोळी थरथरते, दुसरी तिच्यापेक्षा कमी, तिसरी त्याहून कमी, आणि पाच-सात गोळ्यांनंतर दोरी स्वस्थ.

कॉइल घातलेली तार अगदी अशीच. एका वारंवारतेपर्यंत सगळं सुखाने जातं आणि तिच्यावरचं काहीच जात नाही. पुढे कंपनीत रूढ झालेल्या एका प्रमाणात दर ६,००० फुटांवर ८८ मिलिहेन्रीची कॉइल घालत. त्या तारेचा हा उंबरठा साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो. कॉइल नसलेली तार उतारावरून घसरते. कॉइल घातलेली तार उंबरठ्यापर्यंत सपाट चालते आणि तिथे कडा येतो. बोलण्याला लागणाऱ्या पट्ट्यात झीज निम्म्याहून कमी झाली, म्हणून कंपनी खूश होती. उंबरठ्याच्या वर काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. कॉइल जवळजवळ घातल्या की उंबरठा वर सरकतो, पण खर्च वाढतो. व्यवहारात प्रश्न एवढाच.

कॅम्बेलने मात्र तो कडा मनात जपून ठेवला. दुसऱ्याच्या नजरेला जो दोष होता, त्यात त्याला हवी ती वस्तू दिसली. उतारावर झगडणाऱ्या माणसाला आयता कडा मिळाला होता.

त्या कड्याची आणखी एक गंमत होती. रेझिस्टरच्या गाळणीत जे अडतं त्याचा काही भाग उष्णता होऊन जळतो. आदर्श कॉइल आणि आदर्श कॅपॅसिटर काही जाळत नाहीत. ते ऊर्जा घेतात आणि परत देतात. मग अडलेल्या लाटेचं होतं काय? ती दारातून परत फिरते. अशी गाळणी खात नाही, नकार देते. त्यामुळे जे सोडायचं आहे त्याचंही फारसं नुकसान होत नाही.

१९१० च्या आसपास कॅम्बेलने ही मैलोगणती पसरलेली तार एका पेटीत आणली. तारेच्या धारितेऐवजी खरे कॅपॅसिटर घेतले, मधला मैलभर पसारा काढून टाकला आणि कॉइल-कॅपॅसिटरची पाच-सहा घरांची शिडी केली. मग दोघांच्या जागा अदलाबदल केल्या: कॅपॅसिटर वाटेत, कॉइल वाटेला आडवी. दरवाजा उलटा झाला. आता मंद लाटा अडल्या आणि जलद लाटा सुटल्या. पुढे दोन्ही प्रकार एकाच शिडीत असे जोडले की खालचाही उंबरठा राहावा आणि वरचाही; मधला पट्टा तेवढा जावा. पेटंटचा अर्ज १५ जुलै १९१५ चा, मंजुरी २२ मे १९१७ ची. नाव ‘इलेक्ट्रिक वेव्ह फिल्टर’.

त्याच सुमारास, महायुद्धाच्या पलीकडच्या बाजूला, बर्लिनमध्ये कार्ल विली वाग्नर हाच शोध लावत होता. युद्धामुळे त्याचं काम १९१९ पर्यंत छापून आलं नाही. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नव्हती. जर्मन लोकांनी या मंडलाला जो शब्द घेतला तो चाळणीचा, ‘झीब’. आपण गाळणी म्हणावं की चाळणी? खरं तर दोन्ही अपुरे. चाळणी बारीक-मोठं वेगळं करते, हे जमतं. पण मधलं तेवढं ठेवून दोन्ही बाजूचं टाकायचं तर सूप, चाळण आणि निवडणारी आजी तिघंही लागतात.

हे सगळं हवं कशाला होतं? तांब्यासाठी. एका जोडतारेवरून एकच बोलणं जातं, आणि तांबं महाग. २५ जानेवारी १९१५ ला न्यूयॉर्कहून ग्रॅहॅम बेल सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या जुन्या साहाय्यकाशी, वॉटसनशी, बोलला. १८७६ चं ते ‘इकडे ये’ पुन्हा म्हटल्यावर वॉटसन उत्तरला की आता यायला आठवडा लागेल. त्या एका संभाषणासाठी १,३०,००० खांब आणि सुमारे २,५०० टन तांब्याची तार उभी होती. तीवर आठ-आठ मैलांवर कॉइल होत्या आणि वाटेत निर्वात नळ्यांचे वर्धक. एवढ्या तारेवरून जर चार बोलणी एकदम गेली तर?

खुद्द बेलचा मूळ उद्योग तोच होता. टेलिफोनच्या आधी तो एका तारेवरून अनेक तारसंदेश पाठवण्याच्या मागे होता; प्रत्येकाला वेगळा सूर, आणि पलीकडे त्या त्या सुराला जुळवलेली पट्टी. सतारीच्या तरफेच्या तारेसारखी: वर आपला सूर वाजला की ती आपोआप गुणगुणते, एरवी गप्प. टिंब-रेघांसाठी हे चालतं. बोलण्यासाठी नाही, कारण बोलणं एक सूर नसतं, सुरांचा अख्खा पट्टा असतो. तरफ जितकी नेमकी, तितकी ती अरुंद. शेजारच्या श्रुतीलाही दाद देत नाही. तिच्यातून बोलणं पाठवलं तर मधला एक सूर ठणकतो आणि आजूबाजूचा मजकूर गडप. ती सैल केली तर शेजारच्याचं बोलणंही आत येतं. हवं होतं ते असं दार, जे तीन हजार हर्ट्झ रुंदीचा पट्टा सरसकट आत घेईल आणि दोन्ही चौकटींबाहेर काही म्हणजे काही घेणार नाही. तसं दार फक्त कॅम्बेलच्या शिडीत होतं.

१९१८ मध्ये बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग यांच्यामध्ये ते पहिल्यांदा व्यवहारात लागलं. नेहमीचं बोलणं आपल्या जागी ठेवून, त्याच्या डोक्यावर वरच्या वारंवारतांत आणखी चार संभाषणं चढवली. प्रत्येकाला आपला मजला, आणि पलीकडे प्रत्येक मजल्याचं दार वेगळं. एका जोडतारेवर पाच बोलणी. १९४१ मध्ये कोअॅक्सिअल तारेवर हा आकडा ४८० वर गेला. बारा संभाषणांचा एक गट, प्रत्येकाला चार-चार किलोहर्ट्झ, साठ ते एकशे आठ किलोहर्ट्झमध्ये रचलेला: ही मांडणी पुढे जगभर पसरली.

माणसं झीज मोजायची कशी, याचीही एक छोटी कथा आहे. शिडीचं प्रत्येक घर लाटेचा ठराविक हिस्सा कापतं: पहिल्या घराने दहावा ठेवला तर दुसरं त्याचा दहावा ठेवणार, म्हणजे शंभरावा. झीज गुणाकाराने चढते. गुणाकारांच्या जगात बेरजेने वावरायचं तर लॉगरिदम घ्यावा लागतो. टेलिफोनवाल्यांनी आधी आपलं गावठी माप केलं होतं, ‘प्रमाण तारेचा एक मैल’: अमुक जाडीच्या तारेच्या मैलभरात जितका आवाज मरतो तितकी झीज. पण तीच तार वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळं झिजवते, मग मैल कुणाचा धरायचा? फिल्टर आल्यावर हे माप अगदीच लंगडं पडलं. १९२४ मध्ये कुठल्याही तारेला न बांधलेलं एकक आलं आणि १९२८ मध्ये त्याला बेलच्या नावावरून डेसिबल म्हणू लागले. शक्ती निम्मी झाली की ३ डेसिबल गेले, व्होल्टेज दहावा हिस्सा उरलं की २० गेले. आपण आज गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना जे डेसिबल लावतो, ते मुळात तारेत हरवलेल्या आवाजाचं माप आहे.

कॅम्बेलची शिडी निर्दोष नव्हती. उंबरठ्याच्या अगदी लगत तिचा कडा जरा वाकायचा, आणि शिडी जोडतारेला नीट जुळत नसे. कॅम्बेलचाच सहकारी ओटो झोबेल याने १९२३ मध्ये शिडीची काही घरं अशी बदलली की उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकताच एका वारंवारतेला झीज अनंताकडे जावी. कड्याच्या पायथ्याशी विहीर खणल्यासारखं. पुढची पंधरा-वीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यांत झोबेलचे तक्ते उघडे असायचे.

१९३० मध्ये ब्रिटिश नौदलाच्या संशोधन खात्यातल्या स्टीफन बटरवर्थने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. त्याने विचारलं, की दार आत घेतं ते तरी सरळ घेतं का? हव्या असलेल्या पट्ट्यात एकही चढउतार नसावा असं त्याने गणित बांधलं. घरं वाढवली की उतार उभा होत जातो, एका घटकाला सप्तकामागे ६ डेसिबल, दोघांना १२, तिघांना १८. पण आतला जाजम सपाटच राहतो. आज स्पीकरपासून हृदयाच्या आलेखापर्यंत कुठेही हा माणूस भेटतो.

बर्लिनचा विल्हेल्म काउअर याला मात्र सपाटीचा मोह नव्हता. जन्म १९०० चा, गणिताने वेडा. त्याचं म्हणणं असं की आत थोडी लहर चालते, बाहेरही थोडी लहर चालते. ती दोन्हीकडे सारखी वाटून द्या, मग त्या मोबदल्यात कडा जितका उभा हवा तितका घ्या. दिलेल्या सामानात याहून तीव्र कडा शक्यच नाही हे त्याने लंबवर्तुळी फलनांच्या आधाराने दाखवलं. त्याच्या १९३१ च्या पुस्तकाचं नाव ‘झीबशाल्टुंगेन’, चाळणी-मंडलं. अमेरिकेत वर्षभर राहूनही आला होता, तिथे थांबला असता तर चाललं असतं. महायुद्धाच्या अखेरीस कुटुंबाला दूर सोडून तो बर्लिनला परतला आणि २२ एप्रिल १९४५ ला, शहर पडत असताना, सोव्हिएत सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडला.

कॅम्बेल १९५४ पर्यंत जगला. त्याच्या कॉइल त्याच्यापेक्षा बऱ्याच जास्त जगल्या.

खंड ओलांडणाऱ्या तारेवरून त्या विसाच्या दशकातच काढून टाकल्या, कारण वर्धक सुधारले होते आणि वरच्या मजल्यांवरच्या संभाषणांना कॉइलचा उंबरठा आड येत होता. पण शहरांच्या पोटातल्या, मैलोगणती लांबीच्या तारांवर त्या राहिल्या, लोखंडी डब्यांत बंद, मॅनहोलमध्ये. बोलणं साडेतीन हजारांच्या आत मावतं, तेव्हा त्यांची कुणाला आठवण येण्याचं कारण नव्हतं.

मग त्याच तारेतून इंटरनेट यायला लागलं. एडीएसएल २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं, म्हणजे सगळा कारभार कॅम्बेलच्या उंबरठ्याच्या वर. आपल्याकडे लँडलाइनवर ब्रॉडबँड आलं तेव्हा माणूस येऊन एक छोटी पांढरी डबी लावून जायचा, एका बाजूला ‘लाइन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फोन’, ‘मोडेम’ अशी भोकं असलेली. ‘ही काढू नका हं, नाहीतर फोनमध्ये घुर्र येईल.’ ती डबी म्हणजे कॅम्बेलचीच शिडी. फोनच्या वाटेवर कॉइल आणि कॅपॅसिटरची दोन-तीन घरं, बोलणं सोडणारी, बाकी सगळं परत पाठवणारी. आमच्या घरची डबी एकदा उघडून पाहिली. आत बोटाच्या पेराएवढ्या कॉइल होत्या, त्यांच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार.

अमेरिकेत ज्या घरांची तार एक्स्चेंजपासून फार लांब होती, तिथे मोडेम लावलं तरी दिवा पेटत नसे. तिथे आधी कंपनीचा माणूस नकाशे घेऊन रस्त्यावर यायचा, झाकण उचलून मॅनहोलमध्ये उतरायचा, दर ६,००० फुटांवरचा एकेक डबा शोधायचा, आतली कॉइल सोडवायचा आणि तारेची टोकं पुन्हा सरळ जोडून वर यायचा.